करंडीत राहिलेला चेंडू

शैलाताई, तुझ्या शेडच्या भिंतीवरच्या करंडीत चेंडू अजून तसाच पडून आहे. पावसाने भिजला असेल, नाहीतर त्यातली हवा गेली असेल. मला माहीत नाही, कारण त्या शनिवारनंतर मी तुझ्या घराकडे फिरकलेच नाही.

सकाळी जयंतदादांचा फोन आला होता. ते आइंडहोवनला निनादकडे राहायला चाललेत. बापाला एकटं ठेवायला मुलगा तयार नाही, आणि त्यांनाही आता उइटहॉर्नमध्ये करमत नाही. बाकी सगळं आवरून झालंय म्हणे, तुझे कपडेसुद्धा. "ती करंडी तेवढी तू येऊन उतरव, प्राची. मला नाही जमणार," म्हणाले. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तुझा असा काही राग आला म्हणून सांगू. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणू देत. तू होतीस तेव्हा दिवसाआड चिडायचे मी तुझ्यावर, आता एकदम थांबायचं तर कसं थांबू?

करंडी उतरवायची म्हणजे आधी चेंडू बाहेर काढायला हवा. आणि तुझाच नियम होता की चेंडू करंडीत आहे तोवर खेळ थांबलेला असतो, संपलेला नसतो. म्हणून निघायच्या ऐवजी हे लिहीत बसलेय. तेवढाच उशीर.

तुझी-माझी ओळख आल्यावरून झाली, आठवतंय? सुपरमार्केटात भाज्यांच्या कोपऱ्यात मी ईराला बाबागाडीत घालून उभी होते. पुण्यातली लॅबमधली नोकरी सोडून नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्सला आले होते, वर्ष होत आलं होतं, आणि दिवसभरात त्या दीड वर्षाच्या पोरीखेरीज कोणाशी बोलणं नव्हतं. मी आल्याचा एक तुकडा उचलून नाकाला लावला, तर मागून आवाज आला, "उगाच हुंगू नकोस. इथल्या आल्याला वास नसतो." ओळख ना पाळख. वळून बघते तर तू. चांगली ताडमाड, पायात खेळाचे बूट, अंगात नवऱ्याचं, म्हणजे जयंतदादांचं, जॅकेट. तू माझ्या हातातलं आलं घेतलंस, मोडलंस, वास घेतलास आणि ते मोडकं आलं खुशाल परत ट्रेमध्ये टाकलंस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला काही नाही. तू मला खालून वर न्याहाळलंस आणि विचारलंस, उंची चांगली आहे, कधी काही खेळलीयेस का. मी म्हटलं, लगोरी. चालेल, म्हणालीस.

दर शनिवारी खेमेंटेच्या, म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये आपण सात-आठजणी जमायचो. सगळ्या माझ्यासारख्याच, नवऱ्यामागून आलेल्या. कोणी नोकरी शोधणाऱ्या, कोणी शोधायचं सोडून दिलेल्या. मला वाटलं होतं टीव्हीवर दिसते तशी रिंग असेल, जाळी असेल. तू मात्र जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेल्या दोन वेताच्या करंड्या गॅलरीच्या कठड्याला दोरीने बांधत होतीस. चांगल्या बुडासकट. मी म्हटलं, अगं ताई, मग चेंडू खाली कसा येणार? तू वळूनही न बघता म्हणालीस, "येत नाही. काढावा लागतो."

मग तुझं व्याख्यान सुरू झालं. सोलापूरच्या शाळेत तू खेळाच्या बाई होतीस ना, तो आवाज काही तुझा गेला नव्हता. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिका. हिवाळ्यात कोंडून पडलेला, कवायतीला विटलेला, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारा पोरांचा वर्ग. कोणी मास्तर टिकेना, शेवटी एकाच्या गळ्यात तो वर्ग पडला. त्याने बाहेरचे खेळ आत आणून बघितले, तर हातपाय मोडायची पाळी. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मारामारी होते ती चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवताना. मग पळायचंच नाही. चेंडू हातात आला की जागच्या जागी उभं राहायचं आणि फेकायचा. गोल समोर असला की लोक जीव खाऊन फेकतात, म्हणून गोल डोक्यावर ठेवायचा, म्हणजे अलगद उडवावा लागेल. शिपायाला खोकी आणायला धाडलं, त्याला खोकी मिळाली नाहीत, पीचच्या दोन करंड्या मिळाल्या. त्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवर. हे सगळं तू एका दमात सांगितलंस आणि वर म्हणालीस, बी.पी.एड.ला दहा मार्कांचा प्रश्न होता म्हणून पाठ आहे.

तुझं म्हणणं एवढंच होतं, की ज्यांनी जन्मात चेंडू हातात धरला नाही त्यांनी खेळ जिथून सुरू झाला तिथूनच सुरू करावा. त्यातही तू बायकांचे जुने नियम उकरून काढलेस. मैदानाचे तीन भाग, जी ज्या भागात ती तिथेच, रेघ ओलांडायची नाही, कोणाच्या हातातून चेंडू हिसकायचा नाही. मी भडकले होते. घरात, व्हिसात, सगळीकडे रेघाच आहेत आणि आता खेळातपण लक्ष्मणरेषा का, म्हणून. तू म्हणालीस, पळता यायला लागलं की पुसू. कधी पुसल्या नाहीस ते वेगळं. सुरुवातीला बायकांच्या सामन्यांना पुरुषांना येऊ देत नसत, हाही नियम तू तस्साच उचललास. नवरे पोरांना घेऊन बाहेर बागेत. स्मिताचा नवरा एकदा पाण्याची बाटली द्यायला आत आला, तर तू त्याला दारातूनच परत पाठवलंस. बिचारा जयंतदादांकडे तक्रार घेऊन गेला. ते म्हणाले, मलाही प्रवेश नाही.

खरं सांगू? मला तो खेळ आवडायचा तो गोल झाल्यावर. चेंडू करंडीत पडला की सगळं थांबायचं. तू शिडी लावायचीस, आम्हाला कोणाला हात लावू द्यायची नाहीस, सावकाश वर चढायचीस, आणि तेवढ्या वेळात आम्ही गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत बोलायचो. कोणाचं डचच्या परीक्षेचं रडगाणं, कोणाच्या सासूचं. अशाच एका थांब्यात मी म्हणून गेले की माझ्या हाताला पिपेट धरायची सवय होती, ती आता जात चाललीय. तू वरून, एक हात करंडीत घालून, म्हणालीस, "मग अर्ज कर. रडतेस काय?" नंतर महिनाभर माझ्या डोक्यावर बसून अर्ज करून घेतलेस. आज मी लॅबमध्ये आहे ती त्या शिडीवरच्या बाईमुळे. हे तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण तू लगेच शेफारली असतीस.

आणि तरी करंडीचं बूड कापावं म्हणून मीच भांडले तुझ्याशी. दोन वर्षांत आम्हाला पळता यायला लागलं होतं, चेंडू टप्पे मारत नेता येत होता. इथल्या क्लबात नाव घालू, खरं बास्केटबॉल खेळू, असं माझं म्हणणं. एका शनिवारी मी कात्री घेऊनच आले. तू करंडी पोटाशी धरून उभी. म्हणालीस, बूड कापलं की चेंडू थांबणार नाही, चेंडू थांबला नाही की तुम्ही बोलणार नाही, मग मी कशाला येऊ? मी म्हटलं, अगं, त्या अमेरिकन लोकांनीसुद्धा शेवटी कापलंच ना बूड, तू काय त्या दहा मार्कांवर अडून बसलीयेस? पुढचा आठवडाभर तू माझा फोन उचलला नाहीस.

मग ते मेलं कोरोनाचं आजारपण आलं. हॉलला कुलूप लागलं. तू करंड्या घरी आणल्यास, एक स्वतःच्या शेडवर लावलीस आणि दुसरी समोरच्या ट्रूस आजींच्या शेडवर, मध्ये फरसबंदीची मोकळी जागा. ट्रूस आजींनी भिंत दिली, पण हा तर आमचा कोर्फबॉल, असं पहिल्याच दिवशी ऐकवलं. तरुणपणी त्या खेळायच्या म्हणे, मुलं-मुली एकत्र, उंच खांबावर टोपली. आणि त्यांच्या टोपलीला बूड नसतं. मी तुझ्याकडे असं काही बघितलं. तू म्हणालीस, ही थोरली, ती धाकटी, धाकटीने थोरलीला शिकवू नये.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी बाहेर चौघींनाच खेळता येत होतं, तेही दीड मीटर लांबून. माझ्याकडे सासूबाई होत्या. सहा महिन्यांसाठी आल्या आणि अडकल्या, दोनदा तिकीट रद्द झालं. साखरेचं दुखणं, वय झालेलं. मी तुला म्हटलं, ताई, आता पुरे, बंद करू. आपण किती भांडलो त्यावर. तू म्हणायचीस, हा खेळ जन्मलाच मुळी कोंडलेल्या माणसांसाठी, एकमेकांना हात न लावता खेळायचा म्हणून, आत्ता नाही खेळायचा तर कधी? मी म्हटलं, त्यांची हाडं मोडत होती, इथे माणसं मरतायत. तू फोनवर म्हणालीस, चेंडू प्रत्येक गोलनंतर पुसू, करंडीतून काढायला वेळ लागतो तेवढ्यात पुसून होतो, बघ, बूड ठेवल्याचा फायदा. काय बोलणार तुझ्यापुढे. आणि मी आले. तू ओढून नेलं नाहीस, माझी मी आले. चार भिंतींत माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

मध्यावरच्या उडीवरून तर हसू की रडू. प्रत्येक गोलनंतर चेंडू मध्यभागी आणायचा आणि समोरासमोर उभ्या दोघींच्या मधे वर उडवायचा, हा जुना नियम. उंच आपण दोघीच, म्हणून उडी कायम तुझी आणि माझी. ती तरी सोड, म्हणून मी तुझ्या पाया पडले. तू खडूने दोन वर्तुळं काढलीस, मध्ये दीड मीटर, आणि म्हणालीस, वाकून मार. तशातही तू चेंडू वर जायच्या आधीच झेपावायचीस. तो चेंडू मला आयुष्यात एकदाही मिळाला नाही.

त्या शनिवारी शेवटचा गोल माझा. लांबून उडवला, मलाच वाटलं नव्हतं जाईल म्हणून. तुझ्या शेडवरच्या करंडीत बदकन पडला. तू वर बघितलंस. शिडीला हात लावलास आणि तशीच उभी राहिलीस. मग म्हणालीस, राहू दे आज, गुडघा धरलाय, पुढच्या शनिवारी काढू. मला वाटलं, हरतेय म्हणून फुगली. मी हसत हसत घरी गेले.

नंतरचं तुला अर्धंच माहीत आहे. तुला ताप आला, हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फोनवरच तपासलं, मग तुला हॉस्पिटलात नेलं. इकडे स्मिताला निघालं, मला निघालं, मग सासूबाईंना निघालं. मी त्यांच्या उशाशी बसून त्यांचं बोट त्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यात धरायची आणि आकडा खाली जाऊ नये म्हणून देवाला विनवायची. त्या वाचल्या. आता पोळ्या जाड झाल्या म्हणून कुरकुरण्याइतक्या बऱ्या आहेत. त्या दिवसांतच तुझा मेसेज आला होता, "चेंडू काढलास का?" मी लिहिलं, "तूच येऊन काढ." तू अंगठा पाठवलास. त्याच्याखाली मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं, ते पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. मग तुला मशीनवर ठेवलं. तुझं शेवटचं सगळं मी लॅपटॉपवर बघितलं, आवाज मधेच जात होता.

ते पुसलेलं वाक्य आता लिहिते. तुला माहीत होतं का, शैलाताई? शिडीला हात लावून उभी राहिलीस तेव्हा? की सकाळी घरातून बाहेर पडतानाच? माझ्याकडे म्हातारं माणूस आहे हे ठाऊक असून, अंगात दुखणं आहे हे कळत असून, एक शनिवार चुकू नये म्हणून बाहेर आलीस का तू? जिने मला माणसात आणलं तिच्याबद्दल हा प्रश्न मनात येतो, त्याची मला लाज वाटते. पण तो जात नाही. तुझी आठवण काढायला बसले की आधी हा येऊन बसतो, मग तू. नीट रडताही येत नाही गं त्याच्यामुळे.

इथपर्यंत लिहिलं, सायकल काढली आणि गेले. आता परत येऊन बसलेय.

जयंतदादांनी मागचं फाटक उघडून ठेवलं होतं. फार वाळलेत. तोंडाला मास्क, तुझा तो निळा फुलाफुलांचा. माझा चहा त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले. मी घोट घेतला. नुसता गोड, पिवळट चहा. माझा चेहरा बघून म्हणाले, "आलं घालत नाही मी आता."

मी म्हटलं, असू दे दादा, चांगला झालाय. त्यांनी नजर फरसबंदीकडे वळवली. मग म्हणाले, "त्या शनिवारी सकाळी ती म्हणाली, चहाला वास येत नाहीये. मी म्हटलं, इथल्या आल्याला कधी असतो? तर हसली. म्हणाली, ते पण खरंच. मी परत थोडं किसून घातलं. ती प्यायली, बूट घातले आणि तुमच्यात खेळायला बाहेर आली."

एवढंच. ताई, एवढंच होतं ते. इतकी वर्षं आपण सगळ्या मिळून ज्या आल्याला नावं ठेवली, तू मला भेटलीस तीच ज्याला नावं ठेवत भेटलीस, त्या आल्यावर तुम्ही दोघांनी ते ढकललंत आणि हसलात. दुसऱ्या कोणाच्या घरात वास गेला म्हटल्यावर लोक हादरले असते. त्या दिवसांत शेंबड्या पोरालाही कळत होतं वास जाणं म्हणजे काय. आपल्या घरांत ते आल्याच्या माथी मारून मोकळे होतात. मीही झाले असते. सासूबाई तर रोज म्हणतात, या चहाला काही अर्थ नाही.

दादा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी आता काहीतरी बोलेन, आणि ते जे असेल ते ते ऐकून घेतील. तेव्हा मला कळलं की माझ्याजवळ जसा एक प्रश्न होता तसा त्यांच्याजवळही होता, आणि त्यांचा माझ्याहून वाईट. मी म्हटलं, "मीही तेच म्हटलं असतं, दादा." त्यांनी मान हलवली. समजूत पटली असं काही दिसलं नाही. माझीही कुठे पटली? वाटलं होतं, उत्तर मिळालं की राग जाईल. गेला नाही, नुसता हातात राहिला. तुझ्यावर ठेवता येईना, त्यांच्यावर ठेवता येईना. एका आल्याच्या तुकड्यावर किती चिडणार?

शिडी त्यांनी धरली. मी वर चढले आणि पहिल्यांदा तुझ्या करंडीत आत वाकून बघितलं. ओली पानं, कोळ्याचं जाळं, आणि मधोमध चेंडू. थोडा मऊ झालाय, पण हवा आहे त्यात. मी दोरी सोडत होते तेवढ्यात खालून दादा म्हणाले, "एक विचारू? शेवटचा गोल कोणी केला?" मी खाली बघितलं. ते ओशाळून म्हणाले की ते नेहमी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघायचे. पहिल्या दिवसापासून. पण खिडकीतून ट्रूस आजींकडची करंडी दिसते, ही दिसत नाही. त्या दिवशी त्यांना फक्त तू मान वर करून उभी असलेली दिसलीस.

"मी केला," म्हटलं.

"म्हणजे ती हरली?"

"नाही हो. खेळ थांबलाय फक्त."

मी चेंडू खाली दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत असा धरला की जसं कोणी नवजात बाळ दिलंय. करंडी घेऊन मी उतरले. करंडीकडे बघत त्यांनी विचारलं, आता बूड कापणार का तू? म्हणजे तू घरी जाऊन तेही सांगितलं होतंस तर. मी म्हटलं, ते भांडण अजून मिटलेलं नाही. मिटेपर्यंत करंडी माझ्या शेडवर राहील, बुडासकट. तुझी बाजू कळली ताई, मला अजून पटलेली नाही.

दादांनी विचारलं, "मग आता पुढे काय असतं?" मी सांगितलं, चेंडू मध्यभागी न्यायचा आणि दोघींच्या मधे वर उडवायचा. ते म्हणाले, मी उडवला तर चालेल का तिला? मी म्हटलं, अजिबात चालणार नाही, पण उडवा.

खडूची वर्तुळं पावसाने केव्हाच धुतली होती. मी अंदाजाने माझ्या जागी जाऊन उभी राहिले, दीड मीटर सोडून. समोर नुसती फरशी. दादांनी मास्क वर केला, चेंडू खाली नेला आणि जमेल तसा उडवला. तू नेहमीसारखी आधी झेपावशील म्हणून मी सवयीने क्षणभर थांबले. कोणी झेपावलं नाही. मी वाकले, हात वर केला, आणि चेंडू सरळ माझ्या हातात आला. इतक्या वर्षांत मध्यावरचा चेंडू पहिल्यांदा मला मिळाला, शैलाताई. मला नको होता गं तो.